पॅटर्नची पट्टी

एकतीस मार्च. रात्रीचे दोन वाजून दहा.
शिरोलीत भट्टी चालू आहे, डेटाबेस थांबलाय.
पडलेला नाही. नुसता थांबलाय.
लॉगची जागा काठोकाठ भरली,
आणि लिहून ठेवायला जागा नसेल
तर तो काहीच करत नाही.
एवढं तत्त्व मी माणसांत पाहिलेलं नाही.

गेटवर हुबळीची लॉरी.
बावीस टन कास्टिंग, ताडपत्री आवळलेली,
चलन निघत नाही.
वजनकाट्यावरून मुल्लाणींचा चौथा फोन :
"मॅडम, ड्रायव्हर म्हणतोय, हातानं लिहून द्या की."

वरचं पॅकेज म्हणजे घरमालक.
त्याची हजारो टेबलं, नावं परमुलखातली,
नुसती व्यंजनांची खडी.
कशात बिडाचा भाव, कशात कुणाची रजा,
मला ठाऊक नाही.
किती ते सांगते, काय ते विचारू नका.
मी तळघरातली.
वर लग्न आहे की भांडण,
माझ्यापर्यंत येतो तो पावलांचा आवाज.

सम्मेद नवा आहे, शिरढोणचा, हुशार.
म्हणतो, "जुन्या फाइली सरळ उडवू या.
एका ओळीचं काम. कुणाला कळतंय?"
ओळ टाईप झालेली.
एंटर तेवढं बाकी.

मगदूम सरांनी रिटायर होताना वही दिली होती,
पहिल्याच पानावर तिरक्या अक्षरात :
खालनं हात घातलास तर वरच्याला कळणार न्हाई.
आणि वरच्याला कळलं न्हाई, की त्यो उद्या मागणार.

पण मला आठवली ती अप्पांची पट्टी.

अप्पा ह्याच फौंड्रीत, पॅटर्न शॉपला,
तेहतीस वर्षं सागवान तासलं.
सहावीत भूमितीच्या पेपरादिवशी माझी पट्टी सापडेना,
त्यांच्या पिशवीतली पितळी उचलून नेली.
सगळ्या रेघा चुकल्या.
दहा सेंटिमीटरला एक मिलिमीटर जास्त,
प्रत्येक वेळी, न चुकता.
बाईंनी वहीवर लाल शाईनं विचारलं, डोळे तपासलेत का?

अप्पा भाकरी मोडता मोडता हसले.
"पट्टी खोटी न्हाई गं ती.
बीड निवताना आकसतंय, शंभराला एक.
तेवढं तिच्या अंगात आधीच धरलंय.
तिनं साचाच मोजायचा. घरातलं काय मोजू नगंस."

"सम्मेद, खोड ती ओळ."

मग पॅकेजचं स्वतःचं हत्यार उघडलं.
काळा पडदा, आकड्यांची यादी,
प्रत्येक पावलाला विचारणार : पुढं जाऊ?
जा बाबा.
पुढं जाऊ?
जा.
दुसऱ्या कुठल्या घरात ह्याला काडीची किंमत नाही.
पण हे आधी टेपवर उतरवतं,
मग उतरलंय का ते पडताळतं,
आपल्या चोपडीत टिपून ठेवतं,
आणि त्यानंतरच पुसतं.

टेपची घरघर. सम्मेद पाय हलवतोय.
मुल्लाणींचा पाचवा फोन.
म्हटलं, चहा पाजा त्याला.
म्हणाले, दोन झाले, तिसरा नको म्हणतोय.

दोन एक्कावन्नला पहिलं चलन निघालं.
काचेपलीकडं हायवेच्या बाजूला
लॉरीचा मागचा दिवा लाल होऊन वळला.
वरच्यांना उद्या दहाला कळेल
की रात्री काही झालं नव्हतं.

ह्याच खडीत कुठंतरी ४४१७ आहे.
अप्पांचा टोकन नंबर,
त्यांच्या हजेऱ्या, ओव्हरटाइम, शेवटचा हिशेब,
आणि नावाची एक चुकलेली वेलांटी,
जिच्यासाठी ते ऑफिसात चार खेपा घालून आले
आणि मग म्हणाले, ऱ्हाऊ दे.
सगळ्या किल्ल्या माझ्याकडं.
एका ओळीचं काम. कुणाला कळतंय?

पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
सम्मेदनं काढून उजेडात धरली, म्हणाला,
"मॅडम, हिच्यावरचे आकडे झिजलेत."

मी रात्रीच्या नोंदवहीत लिहिलं :
लॉग टेपवर घेतले. जागा मोकळी केली.
हातानं काही केलं नाही.